गाईडमधला निबंध आणि मेकॅनिकल इंजिनिअरचा बायोडेटा



एरवी आपण निबंधलेखन, पत्रलेखन, सारांशलेखन अशा विषयांवर बोलतो. आजचा विषय पाहून तुम्हाला वाटेल, मराठीच्या सरांना मेकॅनिकल इंजिनिअरच्या नोकरीशी काय देणंघेणं? पण शेवटपर्यंत वाचा. ही गोष्ट आपल्याच वर्गातून सुरू होते, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा एक माजी विद्यार्थी घरी आला. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या शाळेतून दहावी, मग पॉलिटेक्निक, मग थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन मेकॅनिकलची पदवी. सात वर्षं चाकणला, इंजिनाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत. वय तीस. दोन वर्षांची मुलगी, फ्लॅटचा हप्ता चालू. कंपनीने त्याची लाईन बंद करायचं ठरवलं होतं आणि "मार्चपर्यंत दुसरीकडे बघा" असं त्याला तोंडी सांगितलं होतं. सोबत त्याचे वडील होते. चहा होईपर्यंत कोणीच काही बोललं नाही. मग तात्याच म्हणाले, "सर, तुम्हीच सांगितलं होतं, मेकॅनिकलला मरण नाही. आता काय करायचं?"

खरं सांगतो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तसं सांगितलं होतंच. "मेकॅनिकल ही सदाबहार शाखा आहे, डोळे झाकून घे" हे वाक्य मी आजवर किती मुलांना ऐकवलं असेल त्याची मोजदाद नाही. आणि तोवर मी एकही कारखाना आतून पाहिलेला नव्हता!

पोराच्या हातात दोन कागद होते. एक त्याचा बायोडेटा. दुसरं एका क्लासचं माहितीपत्रक : डेटा सायन्स, सहा महिने, फी दीड लाख, "शंभर टक्के नोकरीची हमी".

"सर, लावू का हा कोर्स? माझ्या बॅचचे निम्मे जण आयटीत गेले."

मी म्हटलं, "आधी तो दुसरा कागद दे बघू."

चाळीस वह्या, एकच आई

बायोडेटा इंग्रजीत होता, पण त्याचा अर्थ असा : मेहनती, प्रामाणिक, मिळूनमिसळून काम करणारा. सीएनसी विभागात उत्पादन व गुणवत्तेची जबाबदारी सांभाळली. आव्हानात्मक संधीच्या शोधात. खाली सहा-सात सॉफ्टवेअरची नावं, आणि छंदांत क्रिकेट आणि वाचन.

शिक्षकांनो, हे वाचून तुम्हाला काही आठवलं का? मला लगेच आठवलं. "माझी आई खूप प्रेमळ आहे. ती पहाटे लवकर उठते. ती माझी खूप काळजी घेते." आपण चाळीस वह्या तपासतो आणि चाळीस वह्यांत एकच आई असते, गाईडमधली. ज्या मुलाची आई ऊसतोडीला जाते त्याच्याही वहीत तीच आणि जिची आई बँकेत आहे तिच्याही वहीत तीच. आपण त्याला दहापैकी सात गुण देतो, कारण शुद्धलेखन बरं असतं.

तोच मुलगा सात वर्षं कारखान्यात काढून आला आणि स्वतःबद्दलही त्याने गाईडमधलाच निबंध लिहिला. त्याला दुसरं काही लिहायला आम्ही शिकवलंच नव्हतं.

माझे थोरले बंधू भोसरीच्या एका टूलरूममध्ये तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेत. सुट्टीला ते घरीच होते. दादांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "हे राहू दे. सात वर्षांत तुझ्यामुळे कंपनीचं काय वाचलं, ते सांग."

"तसं काही नाही काका. रोजचंच काम."

"रोज काय अडायचं?"

बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, "एक होतं. दर सोमवारी पहिल्या पाळीत तीस-चाळीस शाफ्ट मापाबाहेर जायचे." कारण कोणालाच सापडत नव्हतं. ऑपरेटरला बोलणी बसत. याने दोन महिने वहीत मापं टिपून ठेवली. त्याच्या लक्षात आलं की रविवारी मशीन बंद असतं, सोमवारी ते गार असतं. चालू झाल्यावर जसजसं तापतं तसतसे त्याचे भाग सूक्ष्म प्रमाणात प्रसरण पावतात आणि शाफ्टचा व्यास काही मायक्रॉननी सरकतो. मशीन एकदा पुरतं तापलं की माप जागेवर येतं. मग त्याने पाळी सुरू होण्याआधी वीस मिनिटं मशीन रिकामं फिरवायचं ठरवून घेतलं आणि सुरुवातीचा प्रत्येक नग तपासायला लावला. वाया जाणारे नग चार-पाचांवर आले.

दादा ताडकन म्हणाले, "अरे, मग हे लिहिलं का नाहीस?"

तो म्हणाला, "हे काय लिहायचं काका? हे तर कामच होतं."

मित्रांनो, नोकरी बदलू पाहणाऱ्या मेकॅनिकल इंजिनिअरची अडचण इथेच आहे, असं मला वाटतं. त्याला काम येत नाही असं नाही. त्याने केलेलं काम त्याला स्वतःलाच दिसत नाही. म्हणून तो पदवी दाखवतो, सॉफ्टवेअरची यादी दाखवतो, आणि तेवढ्याने जमलं नाही की दीड लाखाचं आणखी एक प्रमाणपत्र विकत घ्यायला निघतो.

कोर्सच्या आधी वही घ्या

दादांच्या सांगण्यावरून आम्ही तीन रविवार बसलो. एक साधी शंभर पानी वही घेतली. सात वर्षांत अडलेला प्रत्येक प्रश्न आठवायचा आणि प्रत्येकाखाली चार उत्तरं लिहायची :

१. काय बिघडलं होतं?
२. ते तुला कसं कळलं?
३. तू स्वतः नेमकं काय केलंस?
४. आधी किती होतं आणि नंतर किती झालं?

पहिल्या रविवारी दोन प्रसंग आठवले. तिसऱ्या रविवारी वहीत चौदा प्रसंग होते. फिक्स्चर बदलल्यामुळे नग बसवायला लागणारा वेळ कमी झाला होता. कूलंटचं प्रमाण सांभाळल्यामुळे टूल जास्त दिवस टिकू लागलं होतं. एका नव्या ऑपरेटरला महिन्याभरात तयार केलं होतं. ग्राहकाकडून परत आलेल्या मालाचं कारण शोधून अहवाल दिला होता.

मग बायोडेट्यातलं ते "गुणवत्तेची जबाबदारी सांभाळली" खोडलं आणि त्या जागी लिहिलं : "सीएनसी लेथवर सोमवारच्या पहिल्या पाळीत ३०–४० शाफ्ट मापाबाहेर जात. सुट्टीनंतर मशीन थंड असणं हे कारण शोधलं. पाळीआधी २० मिनिटं मशीन तापवण्याची पद्धत व सुरुवातीच्या प्रत्येक नगाची तपासणी सुरू केली. वाया जाणारे नग ४–५ वर आणले."

हे वाचणारा प्लांटमधला माणूस लगेच ओळखतो की हा मशीनसमोर उभा राहिलेला आहे. मेहनती आणि प्रामाणिक हे शब्द मग लिहावे लागत नाहीत.

एक काळजी मात्र घ्यायची. अनुभव आपला असतो, ड्रॉइंग कंपनीचं असतं. जुन्या कंपनीची ड्रॉइंगं, ग्राहकांची नावं, किमती पेनड्राइव्हवर घेऊन बाहेर पडायचं नाही. ते चूक तर आहेच, शिवाय मुलाखतीत असं काही दाखवणाऱ्यावर समोरचा माणूस कधीच विश्वास ठेवत नाही. "उद्या हा आमचंही नेईल" हे त्याच्या मनात येतंच.

वस्तू बदलते, काम राहतं

आता तात्यांच्या प्रश्नाकडे येऊ. मेकॅनिकल खरंच संपलं का?

इलेक्ट्रिक गाडीत पिस्टन नाही, क्रँकशाफ्ट नाही, सायलेन्सर नाही, पेट्रोलचं इंजेक्टर नाही. जी कंपनी एवढंच बनवते तिथल्या माणसाला भीती वाटणं साहजिक आहे, आणि ती भीती खोटी नाही. पण त्याच गाडीत ब्रेक आहेत, सस्पेन्शन आहे, स्टिअरिंग आहे, बॉडी आहे. शिवाय बॅटरीची पेटी, ती थंड ठेवणारी यंत्रणा, मोटरचा शाफ्ट, वेग कमी करणारे गिअर हे नव्याने आलेलं आहे. शाफ्ट इंजिनाचा असो की मोटरचा, लेथवर त्याचं माप काही मायक्रॉनमध्ये राखायचं काम तेच आहे.

म्हणून "मी अमुक पार्ट बनवतो" असं न म्हणता "मला अमुक प्रक्रिया येते" असं म्हणायला शिकलं पाहिजे. मग दारं दिसू लागतात :

• मशीनिंग येत असेल तर पंप, व्हॉल्व्ह, हायड्रॉलिक सिलिंडर, शस्त्रक्रियेची उपकरणं, संरक्षण आणि विमान उद्योगाचे सुटे भाग.

• शीट मेटल आणि वेल्डिंग येत असेल तर इलेक्ट्रिकल पॅनेल, सौर पॅनेलचे सांगाडे, रेल्वे आणि मेट्रोचे डबे, शेतीची अवजारं.

• मेंटेनन्स केला असेल, कॉम्प्रेसर, चिलर, बॉयलर सांभाळले असतील तर औषध कंपन्या, दूध संघ, अन्नप्रक्रिया, शीतगृहं, मोठी रुग्णालयं, डेटा सेंटर. हो, डेटा सेंटरसुद्धा! हजारो संगणक थंड ठेवणं हे मेकॅनिकलचंच काम आहे. आपल्या भागातले साखर कारखाने आणि इथेनॉल प्रकल्प आहेतच. तिथे बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरच्या प्रमाणपत्राला मोल आहे.

• क्वालिटी केली असेल तर पुरवठादारांची तपासणी, ऑडिट, ग्राहकांच्या तक्रारींचं काम. हे काम सुटे भाग बनवणाऱ्या प्रत्येक उद्योगात आहे.

• डिझाइन केलं असेल तर जिग-फिक्स्चर, खास कामासाठीची मशीनं, ऑटोमेशनच्या लहान कंपन्या.

आपल्या सांगली जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर चित्रकाराचा मार्ग बंद झाला. पण रेखाटनाचा हात होता. त्या बळावर ते व्हीजेटीआयमध्ये यांत्रिक रेखाटनाचे शिक्षक झाले. पुढे ती नोकरीही सोडून ते बेळगावला आले, सायकलींच्या दुकानात पडले, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. १९१० साली त्यांनी औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी केली. प्रत्येक वळणावर त्यांनी आधीचं सगळं टाकून दिलं असं झालं नाही. हातात जे होतं ते घेऊनच ते पुढच्या कामात गेले. सगळ्यांनी कारखाने काढावेत असं मी म्हणत नाही. पण नोकरी सोडलेला एक ड्रॉइंग मास्तर हे करू शकला, हे मुलांना सांगायला काय हरकत आहे?

मग शिकायचंच नाही का?

शिकायचं. पण आपल्या कामाला लागून असलेलं आणि एका वेळी एकच. दादांचा नियम साधा आहे : "जे शिकल्यावर आजच्याच मशीनकडे वेगळ्या नजरेने बघता येईल, ते आधी शिक."

मशीनिंगवाल्याने जीडी अँड टी, म्हणजे ड्रॉइंगवरच्या भौमितिक मापांची भाषा, पक्की करावी. अनेकांना ती अर्धवट येते आणि मुलाखतीत तिथेच उघडं पडायला होतं. क्वालिटीवाल्याने एपीक्यूपी, पीपॅप, एफएमईए, एसपीसी आणि एमएसए ही पाच साधनं नुसती नावापुरती न ठेवता स्वतःच्या एका पार्टवर लावून पाहावीत. वाहन उद्योगात आयएटीएफ १६९४९ हे मानक चालतं, त्यामुळे तिथे यांच्याशिवाय पान हलत नाही. मेंटेनन्सवाल्याने पीएलसीची ओळख करून घ्यावी. ज्याला ऊर्जा बचतीत रस आहे त्याने ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची एनर्जी ऑडिटरची परीक्षा पाहावी. टूल डिझाइन, कॅड-कॅमसाठी छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूलरूमसारख्या सरकारी संस्था आहेत. खासगी क्लासच्या जाहिरातीला भुलण्याआधी तिथल्या अभ्यासक्रमाची आणि फीची चौकशी करावी.

सरकारी नोकरीचाही विचार अनेकांच्या घरी निघतो. काही सरकारी कंपन्या गेटच्या गुणांवर भरती करतात आणि ते गुण ३ वर्षं ग्राह्य असतात. यूपीएससीच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेला खुल्या गटासाठी वयाची कमाल मर्यादा ३० आहे. त्यामुळे तिशीच्या आसपासच्या माणसाने आधी वयाची अट वाचावी, मगच पुस्तकं विकत घ्यावीत.

आणि आयटी? ज्याला मनापासून आवड आहे त्याने जरूर जावं. मेकॅनिकलमध्ये सुरुवातीचा पगार बहुतेक वेळा कमी असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण "सगळे चाललेत" म्हणून जाणं आणि "मला हे जमतं, आवडतं" म्हणून जाणं यात फरक आहे. एक साधी कसोटी सांगतो. आहे त्या नोकरीत दोन महिने रोज तासभर, आपल्याच मशीनच्या आकड्यांवर एक्सेल किंवा पायथॉन वापरून बघावं. त्यात रात्रीचे अकरा कधी वाजले ते कळलं नाही, तर पुढे जा. तिसऱ्याच दिवशी कंटाळा आला, तर दीड लाख वाचले!

शोधायचं कुठे आणि कसं

नोकरीच्या संकेतस्थळांवर नाव घालावंच. पण भोसरी, वाळूज, सातपूर-अंबड, शिरोली, बुटीबोरी इथल्या कितीतरी लहान-मध्यम कंपन्या जाहिरातच देत नाहीत. फाटकावर पाटी लावतात किंवा ओळखीतून माणूस घेतात. म्हणून माणसांना विचारायला लाजू नये.

कोणाला विचारायचं? दादांनी एक छान गोष्ट सांगितली. मशीन दुरुस्तीला येणारा सर्व्हिस इंजिनिअर आणि टूल-इन्सर्ट विकायला येणारा सेल्सवाला, हे दोघं महिन्यात वीस-पंचवीस कारखाने फिरतात. कुठे नवी मशीनं लागताहेत, कुठे माणूस हवाय, कुठे पगार वेळेवर होत नाही, हे त्यांना आधी कळतं. त्यांना नुसतं चहाला थांबवलं तरी बरंच काही समजतं.

आणखी काही गोष्टी पालकांनीही लक्षात ठेवाव्यात :

• नवं नेमणूकपत्र हातात पडल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही. कंपनीच जा म्हणत असेल तर ते लेखी मागायचं. नोटीस काळाचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, अनुभवपत्र यांबद्दल आधी विचारायचं आणि मगच सही करायची.

• नोटीस किती महिन्यांची आहे ते नेमणूकपत्रात वाचून ठेवायचं. दोन-तीन महिन्यांची नोटीस असेल तर नव्या कंपनीला ते पहिल्याच भेटीत सांगायचं.

• पीएफ काढायचा नाही, नव्या खात्यात वळवायचा. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला साधारणपणे सलग ५ वर्षं लागतात. ती पूर्ण व्हायला थोडे महिने उरले असतील तर घाई करायची नाही.

• कंपनीचा आरोग्य विमा बहुधा नोकरीसोबत संपतो. घरात लहान मूल किंवा म्हातारी माणसं असतील तर आधी स्वतःचा विमा घ्यायचा.

• नोकरी देण्यासाठी पैसे मागणारी कंपनी खरी नसते. अनामत, प्रशिक्षण शुल्क, कागदपत्रांचा खर्च, नाव काहीही असो, पैसे मागितले की तिथून उठायचं.

इंग्रजीची भीती

मराठी माध्यमातल्या मुलांची ही जुनी धास्ती. आमचाही विद्यार्थी म्हणाला, "सर, येतं सगळं, पण इंग्रजीत बोलायला गेलं की ततपप होतं." मी त्याला सोमवारचा प्रसंग आधी मराठीत सांगायला लावला. पहिल्यांदा तो शेवटाकडून सुरुवातीकडे आला, मध्येच मॅनेजरच्या भांडणात शिरला. तीन वेळा सांगितल्यावर क्रम बसला. मग त्याच क्रमाने लहान लहान इंग्रजी वाक्यं केली, एका वाक्यात एकच गोष्ट. तेव्हा कळलं की अडत होतं ते नुसतं इंग्रजी नव्हतं. प्रसंग क्रमाने सांगणं अडत होतं, आणि ते तर मराठीच्या तासाला शिकवायचं असतं.

पालकांना दोन शब्द

नोकरी शोधणारा माणूस घरी आला की आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो? "काय झालं, आला का फोन?" रोज संध्याकाळी हा प्रश्न आला की तो घरी उशिरा यायला लागतो. तात्यांनाही मी हेच सांगितलं. त्याऐवजी विचारा, "आज कोणाला भेटलास? काय विचारलं त्यांनी?" फोन येणं त्याच्या हातात नाही, भेटणं त्याच्या हातात आहे. जे त्याच्या हातात आहे त्याबद्दलच विचारावं.

आणि शेजारच्या मुलाच्या पॅकेजचा विषय जेवताना काढू नये. ते पॅकेज पुण्या-बंगळुरूच्या घरभाड्यासकट असतं, हे आपण विसरतो.

पगार कमी झाला, पद लहान झालं, गावाजवळ परत यावं लागलं, तर "एवढं शिकवून काय उपयोग" हे वाक्य घरात उच्चारू नका. ज्याने सात वर्षं रात्रपाळ्या केल्या त्याला ते फार लागतं.

आणि आपण शिक्षकांनी?

आपण मुलांना शाखा निवडून देतो. मीही दिल्या. आता ठरवलंय की ज्या कामाबद्दल मला माहिती नाही त्याबद्दल छातीठोक बोलायचं नाही. त्याऐवजी त्या कामातल्या माणसाला वर्गात बोलवायचं. गावात लेथवाला असतो, मोटार रिवाइंड करणारा असतो, साखर कारखान्यातला फिटर असतो. त्यांचा एक तास माझ्या दहा भाषणांपेक्षा बरा.

दुसरं म्हणजे निबंधाचे विषय. "माझी आई" राहू द्या, पण त्यासोबत "मी दुरुस्त केलेली वस्तू", "आमच्या घरात एकदा काय अडलं होतं", "मी चुकलो आणि मला ते कसं कळलं" असेही विषय देऊया. आणि खाली तेच चार प्रश्न : काय बिघडलं, कसं कळलं, तू काय केलंस, आधी कसं होतं आणि नंतर कसं झालं. गाईडमध्ये याचं उत्तर सापडत नाही. मुलाला स्वतःकडेच बघावं लागतं. पंधरा वर्षांनी बायोडेटा लिहिताना त्याला हे उपयोगी पडेल. पडलं नाही तरी स्वतःच्या कामाला "हे काय, रोजचंच" म्हणून खाली मान घालायची सवय तरी लागणार नाही.

त्या मुलाचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. चार महिने लागले. सव्वीस ठिकाणी अर्ज केले, सात ठिकाणांहून बोलावणं आलं. पाच ठिकाणी नाही म्हणाले. मधल्या काळात एकदा त्याने मला रात्री फोन करून "तो कोर्स लावतोच" असंही सांगितलं होतं. शेवटी कोल्हापूरजवळ शिरोलीत हायड्रॉलिकचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत लागला. पगार चाकणपेक्षा थोडा कमी आहे. चाकणचा फ्लॅट भाड्याने दिला, हप्त्याचा बराचसा भाग त्यातून निघतो. मुलाखतीत सोमवारच्या प्रसंगावर समोरचे साहेब पंचवीस मिनिटं बोलत बसले होते, कारण तीच डोकेदुखी त्यांच्याकडेही होती. पदवीचे गुण त्यांनी विचारलेच नाहीत.

परवा आठवीच्या वर्गाला मी "आमच्या घरात काय अडलं होतं" हा विषय दिला. नेहमी मागच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलाने दीड पान लिहिलं. विहिरीवरची मोटर चालू व्हायची, पण पाणी येईना. बाबा म्हणाले मोटर जळली असेल. याने आधी पाइपात वरून पाणी ओतून पाहिलं, ते थांबेना, खाली निघून जात होतं. मग काकाने फूटव्हॉल्व्ह वर काढला तर झडपेत पान अडकलेलं. पान काढलं, पाणी आलं.

शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या. त्या मी दुरुस्त करून दिल्या. गुण मात्र दहापैकी नऊ दिले आणि तो निबंध त्यालाच वर्गापुढे वाचायला लावला.